थंडीतली मूठ

"सरळच आहेत की गं पावलं," आडोशाच्या आतून कुणीतरी हळूच म्हणालं, आणि दुसरी कुणीतरी नाकातून हसली. हसू लगेच दाबलं गेलं.

आपल्या रेल्वेच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात तुला शेवटची आंघोळ घालत होत्या. दोन शेजारणींनी जुन्या लुगड्याचा आडोसा धरला होता. आत माझ्या आईची बहीण, तळेगावची मावशी होती, धुण्याभांड्याची गंगूबाई, आणि शेजारच्या आणखी दोघी. सवाष्ण गेली म्हणून हळद लावायची, ती वाटी घेऊन मी बाहेर उभी होते. ते वाक्य मला पुरतं कळलं. तुझी पावलं उलटी असतील, ही शंका या घरात माझ्या लहानपणापासून होती. गमतीने का होईना, पण होती. आणि खरं सांगते, लुगड्याच्या फटीतून मीही आधी तिकडेच बघितलं.

तुला जाऊन अजून पंधरवडाही झालेला नाही. मी तुला 'तू' म्हणते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू समोर असताना मी ना 'तू' म्हटलं, ना 'तुम्ही'. आई गेल्यावर अण्णांनी तुझ्याशी लग्न केलं तेव्हा मला सांगितलं होतं, "हिला माई म्हणायचं." मी मान हलवली आणि कधीच म्हटलं नाही. शाळेत इंग्रजी बोलायला लागायचं आणि घरी गप्प बसायला, म्हणून माझं मराठी कच्चं राहिलं असं सगळे म्हणत. पण एका बाबतीत मी फार तयार झाले होते. कुणालाच उद्देशून नसलेली वाक्यं मला झटपट जमायची. "पाणी तापलंय का?" "आज भाजी कसली?" "जेवायला बसायचं का?" अशी वाक्यं भिंतीलाही विचारता येतात. तू त्यांना भिंतीसारखीच उत्तरं द्यायचीस. तापलंय. वालाची. बस.

मी पुण्याला कॅम्पातल्या शाळेत वसतिगृहात राहायची, आणि थंडीत नाताळच्या सुट्टीला लोणावळ्याला यायची. त्यामुळे तू मला आठवतेस ती थंडीतलीच. पावसाळाभर आपल्याकडे भिंतींना पाणी सुटतं, कपडे वाळत नाहीत, माणसाचं अंगसुद्धा ओलसर राहतं, आणि मग मार्गशीर्षात घाटावरून तो कोरडा वारा सुटतो की आठ दिवसांत ओठ उलतात. शाळेतून आल्या आल्या तू माझा चेहरा उजेडाकडे वळवून बघायचीस. कशी आहेस, अभ्यास कसा चालला आहे, असं काही नाही. हनुवटी धरायचीस, ओठ बघायचीस, हात उलटेसुलटे करायचीस आणि म्हणायचीस, "पाय पुढे कर गो."

ते 'गो' मला ऐकवायचं नाही. तू घाटाखालची. इकडे सगळे 'गं' म्हणायचे आणि तू 'गो'. माझी पुण्याची मैत्रीण एकदा दोन दिवस राहायला आली होती, तेव्हा मी देवाला विनवत होते की तू हिच्यासमोर 'गो' म्हणू नकोस. तू दोन्ही दिवस बोललीच नाहीस. तुला कसं कळलं, याचाही मला नंतर संशय आला.

मूठ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो दाराआडून. तू नवी होतीस. तुझा भाऊ कुरवंड्याचा घाट चढून, डोक्यावर बोचकं घेऊन आला होता. स्वयंपाकघरात तू त्याला चहा देत होतीस आणि म्हणालीस, "पुढच्या खेपेला मूठ जास्त आण. पोरीला लावायची आहे. थंडी वाढायच्या आत."

मी मागच्या दाराने गंगूबाईकडे गेले. ती भुशीची. राखेने पातेली घासता घासता सगळ्या जगाची माहिती द्यायची. मी विचारलं, मूठ म्हणजे काय?

तिने हात थांबवला. "कुनी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मूठ मारत्यात, बाय. मंतर घालून. मानूस झुरत झुरत जातंय." तिने स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "खालच्या अंगाला लय चालतं म्हनं आसलं. आमी न्हाई बगितलं. पन जपून ऱ्हा. आनि एक इचारू? तुमी वैनींचं पाय कदी बगितलं का?"

मी म्हटलं, नाही.

"आमी बी न्हाई. बसल्या की लुगड्यात घेत्यात. उलटं आसलं म्हंजी?" आणि ती खो खो हसली. गंगूबाई थट्टा करते आहे हे मला कळत होतं. पण थट्टा कळली म्हणून भीती जात नाही. त्या दिवसापासून मी तुझे पाय बघायचा प्रयत्न करू लागले, आणि ते खरंच कधी दिसायचे नाहीत. तू चालताना लुगडं घोट्याखाली असायचं. बसलीस की पहिलं काम पाय आत घेण्याचं. मी खोलीत आले की तू लुगड्याचा काठ खाली ओढायचीस. इतर कुणी आलं तर तितकं नाही. मी आले की हमखास.

मग तो भाऊ परत आला, आणि तू एका संध्याकाळी शेगडीजवळ बसून फडक्याची पुरचुंडी सोडलीस. आत पिवळट पांढरे गोळे होते, बोटांचे वळ उमटलेले. तू एक गोळा उजव्या हाताच्या मुठीत घट्ट धरलास आणि नुसती बसून राहिलीस. काही बोलली नाहीस. ओठ मात्र हलत होते. पुढे कळलं की तू वाती किती करायच्या ते मोजत होतीस, पण तेव्हा मला ते मंत्रच वाटले. मग मूठ उघडलीस, तळवा चकचकीत झाला होता, आणि म्हणालीस, "पाय पुढे कर गो."

मी केले. नाही म्हणायचं धैर्य नव्हतं. तू टाच हातात घेऊन चोळत होतीस आणि मी मनात शाळेतली इंग्रजी प्रार्थना म्हणत होते. मंत्राला प्रार्थना. तुझे हात ऊन होते. ते मला आवडलं, आणि आवडलं म्हणून अधिकच भीती वाटली.

तुझी थंडी दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि होळीला संपायची. त्या दिवसांत घरातला साबण फळीवर चढायचा. "साबण उन्हाळ्याचा," तू म्हणायचीस. तोंडाला मसुरीचं पीठ, तेही सायीत कालवलेलं. खोबरेल बाटलीत थिजून बसायचं, ती बाटली पायरीवर उन्हात जायची फक्त केसांपुरती, अंगाला तिळाचं तेल. पाणी कढत घेऊ द्यायची नाहीस. मी थंडीने कुडकुडत बंबाजवळ उभी राहायचे आणि तू बादलीत थंड पाण्याचा तांब्या ओतायचीस. मला वाटायचं, हा छळ आहे. "कढत घेतलंस की अंग उलतं," एवढंच म्हणायचीस. अंग पुसून कोरडं करायच्या आत तेल लावायचं, वाळल्यावर लावलं तर वरच राहतं. शेगडीजवळ तोंड न्यायचं नाही. ओठ चाटायचे नाहीत. निजताना बेंबीत तुपाचं बोट. ते तर मला अगदीच संशयास्पद वाटायचं. बेंबीत तूप घातलं तर ओठ का बरे व्हावेत? मी शाळेत शास्त्र शिकत होते. आणि ओठ बरे व्हायचे, हा त्यातला सगळ्यात त्रासदायक भाग.

तू माझ्यावर तितकाच संशय घ्यायचीस, हे मला माहीत आहे. वरच्या वर्गात गेल्यावर मी कोल्ड क्रीमची बरणी घेऊन आले. पांढरी शुभ्र, गुलाबाच्या वासाची, कॅम्पातल्या दुकानातली. शाळेतल्या सगळ्या मुली तीच लावायच्या. तू झाकण उघडून वास घेतलास.

"कशाची आहे ही?"

"क्रीम आहे."

"ते दिसलं. चरबी कुणाची?"

मला माहीत नव्हतं. बरणीवर लिहिलेलं नव्हतं. तू चमच्याच्या दांड्याने थोडी क्रीम काढून पायरीवर ठेवलीस. मांजर आलं, हुंगलं आणि चाटून साफ केलं. तू माझ्याकडे बघितलंस. मग ती बरणी तुझ्या स्वयंपाकघरापासून शक्य तितकी लांब, बाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर गेली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तुझ्या गोळ्यातला तुकडा मांजरापुढे टाकला. ते त्याकडे बघून निघून गेलं. तू पिठाचे हात तसेच धरून दारात उभी होतीस. "झाली परीक्षा?" म्हणालीस. मी तुला हसताना फार कमी वेळा बघितलं आहे, त्यातली ती एक वेळ.

त्याच सुट्टीत तू मला सांगितलंस. मी विचारलं नव्हतं. कोकमं फोडली की बिया उरतात, त्या वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर तेल तरंगतं. ते थिजायला आलं की मुठीत दाबून गोळे करायचे. म्हणून त्याचं नाव मुठेल. "आमच्याकडे नुसतं मूठ म्हणतात," म्हणालीस, आणि कणीक मळायला लागलीस. गंगूबाईने काय सांगितलं होतं ते तुझ्या कानावर आलेलं होतं का? आलेलंच असणार. अंगण केवढं होतं ते! पण तू तिला काही बोलली नाहीस, मलाही नाही. नुसता शब्द उलगडून ठेवलास.

त्या दिवशी जादूटोण्याचा संशय गेला. संशय मात्र राहिला, फक्त त्याने जागा बदलली. भीती कमी झाली तेव्हा मी विचार करू लागले की एक बाई, जिला माझ्याशी दोन वाक्यं बोलायची नसतात, ती माझ्या टाचांसाठी एवढं का करते?

याचं उत्तर मला गेल्या थंडीत मिळालं असं मला वाटलं.

पुण्याहून मंडळी मला बघायला आली होती. मी मॅट्रिक होऊन घरी येऊन वर्ष झालं होतं. पोहे झाले, नाव-गाव झालं, इंग्रजीतून दोन ओळी वाचून दाखवणं झालं. मग मुलाची आई सतरंजीवर पुढे सरकली आणि म्हणाली, "पाय जरा पुढे कर, बाळ."

हे वाक्य मी आयुष्यात एकाच तोंडून ऐकलं होतं. त्या बाईंनी माझा घोटा धरला, टाच वळवून बघितली आणि आपल्या बहिणीला म्हणाल्या, "जपलेत हो पाय. थंडीच्या दिवसांत असे पाय नसतात." तू स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होतीस. मी तुझ्याकडे बघितलं. मला तुझा चेहरा समाधानी वाटला.

ते सगळे गेल्यावर मी तुझ्याशी बोलले. माझ्या हिशेबाने ते आपलं सगळ्यात लांब बोलणं. तू भांडी विसळत होतीस.

"हे सगळं यासाठीच होतं ना?"

"कुठलं सगळं?"

"तेल. पीठ. टाचा. इतकी वर्षं."

तू पातेलं उपडं घातलंस. "टाचा उलल्या की रक्त येतं गो. चालवत नाही."

"ते उत्तर नाही."

"मग तूच सांग. तू शिकलेली."

मी सांगितलं. म्हणाले, मुलगी घरातून लवकर जावी म्हणून कातडी राखायची, बाजारात न्यायच्या जनावराची राखतात तशी. हे मी भिंतीला उद्देशून म्हटलं, पण या वेळी तू भिंत नव्हतीस. तू हात पुसलेस, आत गेलीस आणि देवापुढे दिवा लावलास. तिन्हीसांजेची वेळ झालीच होती, त्यामुळे ते उत्तर होतं की नुसता दिवा, ते मला सांगता येत नाही.

पुढे ते लग्न जमलं नाही. त्यांच्याकडून होकार होता, मोडलं आपल्या घरातून. मावशी तळेगावहून आली ती याच रागात. "तिनेच मोडता घातला," मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली. "आईवेगळ्या पोरीचं चांगलं झालेलं बघवत नाही. तुझ्या आईच्या जागेवर बसली आहे ती, सुधा, तू भोळी." मावशीचा राग मला समजतो. तिची बहीण गेली आणि त्या जागी तू दिसायचीस. पण मला अडचण झाली. मला घालवायचं म्हणून तू माझे पाय राखलेस, असा माझा आरोप. मला जाऊ द्यायचं नाही म्हणून तू लग्न मोडलंस, असा तिचा. दोन्ही आरोप एकाच बाईवर बसत नव्हते. तरी मी दोन्ही जपून ठेवले. संशयाला पुराव्यांचा मेळ लागत नाही.

त्यानंतर मी पाय पुढे केले नाहीत. तू म्हणालीस, आणि मी म्हटलं, नको. दुसऱ्यांदा तू विचारलं नाहीस.

या थंडीत तुझ्या भावाची पुरचुंडी आली तेव्हा तू ती माझ्या ट्रंकेवर ठेवलीस. काही न बोलता. मी ती उचलून तशीच भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली, गाठ न सोडता. मग पौषात तू खोकायला लागलीस. छातीला अळशीचं पोटीस, डॉक्टरांचं औषध, सगळं झालं. मी तुझ्याजवळ बसायचे. तुझे पाय गार पडले असावेत असं वाटून विचारलं, "पाय शेकायचे का?" माझं तेच भिंतीला विचारलेलं वाक्य. तू म्हणालीस, "नको." आणि अंगात एवढा ताप असताना, हात उचलायची ताकद नसताना, पायांवरची घोंगडी दोन्ही पायांनी आत दाबून धरलीस. तेव्हाही मला वाटलं, ही काय लपवते आहे? मरणाऱ्या माणसावरसुद्धा संशय घेता येतो, हे मला माहीत नव्हतं.

अण्णांनी परवा मला एक गोष्ट सांगितली. तारेच्या कचेरीतून आले होते, कोट तसाच अंगावर होता. म्हणाले, "त्या पुण्याच्या स्थळाला नको म्हणाली ती तुझी माई. मी कारण विचारलं. काय म्हणाली असेल? म्हणे, त्या बाईंनी गार हातांनी पोरीचा पाय धरला." अण्णा थोडं हसले. "मी म्हटलं, हे काय कारण झालं? त्यांना काय लिहून कळवू? तर म्हणाली, तुम्हाला हवं ते लिहा, पण तिथे नको."

मी ते ऐकून उठून गेले. मला हे कारण पटलं असं मी म्हणणार नाही. माणसं दुसऱ्याला सांगायला एक कारण ठेवतात आणि स्वतःजवळ दुसरं, आणि तू तर पाऊलसुद्धा दिसू द्यायची नाहीस. तुझा चेहरा त्या दिवशी समाधानी होता की रागावलेला, हे मी ताटाच्या आडून ओळखलं होतं असं मी इतके दिवस धरून चालले. आता मला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मला हात लावायच्या आधी तू दर वेळी तो गोळा मुठीत धरून बसायचीस. घाईच्या दिवशीसुद्धा. मला वाटायचं, गोळा पातळ व्हावा म्हणून. शेगडीवर पळी ठेवली असती तर तो क्षणात पातळ झाला असता.

तर, त्या सकाळी.

"सरळच आहेत की गं पावलं," शेजारीण म्हणाली. नाकातलं हसू दाबलं गेलं. मी फटीतून बघितलं. पावलं सरळ होती. टाचांना मात्र भेगा होत्या. अशा भेगा मी पावसाची वाट बघणाऱ्या शेतातच बघितल्या आहेत. काही कडेने काळ्या पडलेल्या, काही इतक्या खोल की आतला लाल रंग अजून दिसत होता. त्या पायांनी तू पहाटे त्या अंगणात पाणी भरत होतीस.

गंगूबाई पाण्याचा तांब्या तसाच धरून उभी होती. "आगं आई," ती म्हणाली. "ह्ये झाकीत व्हती व्हय."

मावशीने तांब्या गंगूबाईच्या हातातून घेतला आणि तुझ्या टाचांवर पाणी ओतलं. फार सावकाश, दुखू नये अशा बेताने.

तू स्वतःला ते मुठेल का लावत नव्हतीस? भाऊ माझ्यापुरतंच आणू शकत होता म्हणून? बरणीवाल्या, शाळेत शिकलेल्या मुलीला आपल्या टाचा दिसू नयेत एवढीच तुझी काळजी होती म्हणून? की तुमच्याकडे बायकांच्या टाचा अशाच असतात आणि त्यात विशेष काही नाही? मला माहीत नाही. तू त्याग केलास असं इथे जमलेल्या बायका आता म्हणायला लागल्या आहेत, त्यावरही माझा विश्वास नाही. मांजराने क्रीम चाटल्यावर माझ्याकडे बघितलं होतंस, तसंच तुला तो शब्द ऐकून बघावंसं वाटलं असतं. पण एवढं मला कळलं की मी इतकी वर्षं पहारा ठेवला तो चुकीच्या गोष्टीवर नव्हता. तू लपवत होतीस, हे खरंच होतं.

मी घरात गेले. कोनाड्यातून पुरचुंडी घेतली. आडोशाच्या आत आले तेव्हा मावशीने ती ओळखली. ओळखली म्हणजे, तिला जे ऐकून माहीत होतं ते तिला आठवलं.

"ते इथे कशाला आणलंस? सुधा, ती तिची मूठ आहे ना? टाक ते. इंद्रायणीत सोडून यायला सांगते कुणाला तरी."

मी गाठ सोडली. दातांनी सोडावी लागली, तू फार घट्ट बांधायचीस.

"अगं, मेलेल्या माणसाला नसतं लावायचं असलं काही. हळद लावतात, झालं. तुला कळतं का काही त्यातलं?"

मला त्यातलं कळत नव्हतं. मी मान खाली घालून एक गोळा घेतला. त्यावर बोटांचे वळ होते, तुझे नव्हेत, तुझ्या भावजयीचे असतील. आंघोळीचं पाणी तापवलं होतं तो विस्तव बाजूलाच होता. कुणीतरी म्हणालं, त्या विस्तवावर काही ठेवू नये. मी ठेवणारच नव्हते. मी गोळा मुठीत धरला आणि तुझ्या पायांशी, ओल्या फरशीवर बसले. वेळ लागला. आडोसा धरणाऱ्या शेजारणीने हात बदलला. बाहेर अण्णांनी कुणाला तरी तिरडीची सुतळी मागितली, ते ऐकू आलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि माझ्याकडे कुणी बघितलं की मला काय होतं ते तुला माहीत आहे. मी मूठ उघडली नाही.

मग तळवा चकचकीत झाला, तसा मी तुझ्या टाचेला लावला.

ते मुरेना. तुझी कातडी इतकी गार होती की लावल्या लावल्या ते पांढरं पडून भेगांच्या तोंडाशी थिजत होतं. मी पुन्हा मुठीत धरलं. पुन्हा लावलं. पुन्हा पांढरं पडलं. गंगूबाई माझ्याशेजारी खाली बसली. तिने आपले दोन्ही हात विस्तवावर धरले, मग तुझं दुसरं पाऊल त्या हातांत घेतलं आणि तशीच धरून राहिली. काही बोलली नाही, आणि गंगूबाई बोलली नाही हे मी पहिल्यांदाच बघितलं. मावशीने लुगड्याचा काठ तुझ्या घोट्यांच्या वर सरकवला, मला नीट हात पोचावा म्हणून.

तुझी एक टाच झाली होती. दुसरी, गंगूबाईच्या हातांतली, किंचित मागे, पाटाच्या कडेआड गेली होती. मी ओढून घेऊ शकले असते. गंगूबाईने दिलीही असती. पण तू माझा पाय कधी ओढून घेतला नव्हतास. दर वेळी सांगितलं होतंस, आणि मी पुढे करीपर्यंत थांबली होतीस.

सगळ्यांच्या देखत, ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणाले, "पाय पुढे कर गो."